शपथ घेतली, पुढे काय? व्यसन नावाचा आजार आणि त्याचे उपचार



भीमजयंती, बुद्धपौर्णिमा, धम्मचक्र प्रवर्तन दिन, वर्षावासाची सांगता. अशा प्रसंगी आपल्या विहारांत व्यसनमुक्तीची शपथ दिली जाते. पंचशीलातले पाचवे शील आपण लहानपणापासून म्हणत आलो. बाबासाहेबांनी १९५६ साली दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. या प्रतिज्ञेने आपली कितीतरी घरे सावरली, हे कोणी नाकारणार नाही.

पण रुग्णालयात परिचारिका म्हणून काम केलेल्या कोणालाही दुसरी बाजूही माहीत असते. पंधरा-वीस वर्षे रोज पिणारा माणूस भावनेच्या भरात शपथ घेतो, त्याच दिवशी दारू पूर्ण बंद करतो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याला आकडी येते. हात थरथरतात, भिंतीवर किडे दिसतात, तो बडबडतो, घरच्यांना ओळखत नाही. कोणी म्हणते, "नाटक करतोय." कोणी म्हणते, "बाहेरचं झालंय." कोणी त्याला खोलीत कोंडते. रुग्णालयात आणेपर्यंत उशीर झालेला असतो.

शपथ खोटी नसते. तिला उपचाराची जोड नसते, एवढेच. व्यसन हा मेंदूचा आणि शरीराचा आजार आहे. शपथ म्हणजे उपचाराची सुरुवात, पूर्ण उपचार नव्हे. हा फरक कळला तर जीव वाचतात. म्हणून हा लेख.

किती लोकांना हा आजार आहे?

केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या एम्स रुग्णालयाकडून देशभर पाहणी करून घेतली. तिचा अहवाल २०१९ साली आला. १० ते ७५ वयोगटातल्या पावणेपाच लाखांच्या आसपास लोकांशी बोलून तो तयार झाला. त्यातले काही आकडे असे :

• दारू पिणारे सुमारे १६ कोटी. पुरुषांत २७.३ टक्के, स्त्रियांत १.६ टक्के.
• दारूमुळे उपचारांची किंवा मदतीची गरज असलेले ५.७ कोटी. त्यांपैकी २.९ कोटी पूर्णपणे दारूवर अवलंबून.
• भांग, गांजा, चरस घेणारे सुमारे ३.१ कोटी.
• अफू, ब्राऊन शुगर आणि अफूच्या जातीची वेदनाशामके नशेसाठी घेणारे सुमारे २.२६ कोटी.
• झोपेच्या व गुंगीच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याविना घेणारे सुमारे १.१८ कोटी.
• हुंगण्याची नशा हा एकच प्रकार असा, जो मोठ्यांपेक्षा मुलांत जास्त आहे. १० ते १७ वयात १.७ टक्के, मोठ्यांत ०.५८ टक्के.

या सगळ्यांपेक्षा गंभीर आकडा वेगळाच आहे. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ माणसांमागे जेमतेम एकाला कोणतातरी उपचार मिळाला होता. दाखल होऊन उपचार मिळालेला तर १८० जणांत एक. म्हणजे बाकीचे शपथ, मार, नवस, भांडण यांच्या भरवशावर आहेत.

स्त्रियांचा आकडा कमी दिसतो, पण बाई व्यसनाबद्दल बोलत नाही हेही लक्षात घ्यावे. मशेरी आणि तंबाखूला तर आपण व्यसन मानतच नाही. झोपेच्या गोळीची सवय लागलेल्या बायाही घराघरांत आहेत.

वस्तीत काय चालते, शरीराचे काय होते?

दारू : सगळ्यांत जास्त नुकसान हिचेच, कारण ती सगळ्यांत जास्त मिळते. यकृतावर आधी चरबी साठते, मग सूज येते, मग यकृत आक्रसून कडक होते. पोटात पाणी होणे, कावीळ, रक्ताची उलटी ही उशिराची लक्षणे. पहिल्या दोन पायऱ्यांवर दारू थांबली तर यकृत बरेच भरून येते. शेवटच्या पायरीवर तसे होत नाही. याशिवाय स्वादुपिंडाला सूज, पायांची आग, विसरभोळेपणा, तोंडाचा व अन्ननलिकेचा कर्करोग हे आहेच. हातभट्टीचा धोका आणखी वेगळा. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालाडच्या मालवणी भागात विषारी दारूने शंभरावर माणसे गेली. अशा दारूत मिथेनॉल असते. ती प्यायल्यावर काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी डोळ्यांपुढे धुके किंवा बर्फ पडल्यासारखे दिसू लागते, पोट दुखते, दम लागतो. "उतरली की बरे होईल" म्हणून झोपवू नये. तातडीने मोठ्या रुग्णालयात न्यावे. त्यावर उतारा आहे, पण तो वेळेत मिळावा लागतो.

गांजा : "झाडपाला आहे, काही होत नाही" हा गैरसमज. कोवळ्या वयात रोज गांजा ओढणाऱ्यांत भास होणे, संशय घेणे, तुटक वागणे अशा मानसिक आजारांचा धोका वाढतो. अभ्यासातले लक्ष उडते ते वेगळेच.

गोळ्या आणि खोकल्याचे औषध : झोपेच्या, गुंगीच्या गोळ्यांना आपल्याकडे अनेक शहरांत 'बटन' म्हणतात. नायट्राझेपाम, अल्प्राझोलाम ही त्यांतली नावे. ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक आणि कोडीन असलेले खोकल्याचे औषधही नशेसाठी घेतले जाते. ही औषधे चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. दारूबरोबर घेतली तर श्वास मंदावून झोपेतच मृत्यू येऊ शकतो.

गर्द, ब्राऊन शुगर : हे अशुद्ध हेरॉईन. १९८० च्या दशकात मुंबई-पुण्यात ते पसरले. अनिल अवचटांनी 'गर्द' या पुस्तकातून ते लोकांपुढे मांडले आणि त्याच काळात, १९८६ साली, डॉ. अनिता अवचट यांनी पुण्यात मुक्तांगण उभे केले. गर्दची सवय फार लवकर लागते. एकच सुई अनेकांनी वापरली तर एचआयव्ही आणि कावीळ बी व सी यांची लागण होते.

एमडी : मेफेड्रोन ही पांढरी पावडर. भूक आणि झोप उडते, छाती धडधडते, काही दिवसांनी सगळे आपल्या वाईटावर आहेत असे वाटू लागते. नशा उतरल्यावर इतकी उदासी येते की आत्महत्येचे विचार येतात. हे श्रीमंतांच्या पार्टीचे व्यसन राहिलेले नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतून शेकडो किलो माल पकडला. एवढा माल बनतो तो कुठेतरी खपतच असणार.

सोल्यूशन, व्हाईटनर, थिनर : पंक्चर काढायचा चिकट द्रव रुमालावर किंवा पिशवीत घेऊन मुले हुंगतात. त्यातल्या टोल्यूइनसारख्या रसायनाने मेंदूच्या पेशींवर परिणाम होतो, तोल जातो, स्मरण जाते. हृदयाचे ठोके एकाएकी बिघडून जागच्या जागी मृत्यू आल्याची उदाहरणे वैद्यकशास्त्राला माहीत आहेत. असे मरण पहिल्या वेळीही येऊ शकते. मुलाच्या कपड्यांना रसायनाचा वास, नाका-तोंडाभोवती पुरळ, अडखळते बोलणे दिसले तर दुर्लक्ष करू नका.

"मनात आणले तर सोडता येते", खरे का?

भूक भागली, शाबासकी मिळाली, की मेंदूत डोपामिन नावाचे द्रव्य थोडे पाझरते आणि आपल्याला बरे वाटते. नशेचा पदार्थ हेच द्रव्य एकदम खूप सोडतो. हे वारंवार झाले की मेंदू आपली संवेदना कमी करून घेतो. मग साध्या गोष्टीत गोडी उरत नाही, आणि पूर्वीइतकी नशा यायला जास्त माल लागतो. पुढे माणूस मजेसाठी पीत नाही, त्रास होऊ नये म्हणून पितो. निर्णय घेणारा, स्वतःला आवरणारा मेंदूचा भागही कमजोर होतो. म्हणजे ज्या इच्छाशक्तीच्या बळावर सोड म्हणतो, तिलाच आजाराने पकडलेले असते.

हे सगळ्यांना सारखे होत नाही. अनुवंशाचा वाटा साधारण निम्मा धरला जातो. बाकी भाग परिस्थितीचा. किती लहान वयात सुरुवात झाली, घरात काय पाहिले, मनात कोणते दुःख आहे, काम कसले आहे. गटारात उतरणारा, मैला उपसणारा कामगार वास सहन व्हावा म्हणून पितो. हमाल अंगदुखीसाठी पितो. त्याला नुसते "शील पाळ" म्हणणे अपुरे आहे. त्याचे कामही माणसाला शोभेलसे व्हायला हवे. पण कारण समजून घेणे म्हणजे पिण्याला मोकळीक देणे नव्हे, हेही तितकेच खरे.

स्वतःला विचारायचे चार प्रश्न

डॉक्टर दारूबाबत चार सोपे प्रश्न विचारतात :

१. पिणे कमी करावे असे कधी वाटले का?
२. पिण्यावरून कोणी बोलले की राग येतो का?
३. पिण्याबद्दल मनाला टोचणी लागते का?
४. सकाळी उठल्यावर हात स्थिर व्हावेत, डोके उतरावे म्हणून प्यावी लागते का?

दोन उत्तरे "हो" आली तर डॉक्टरांना भेटावे. चौथ्याचे उत्तर "हो" असेल तर पुढचा भाग नीट वाचावा.

एकदम बंद करणे कोणाला धोक्याचे?

कधीमधी पिणाऱ्याने आज, आत्ता दारू सोडावी. त्याला काही होणार नाही. पण जो रोज, भरपूर, कित्येक वर्षे पितो, ज्याला सकाळी घोटाशिवाय उठता येत नाही, ज्याला आधी आकडी येऊन गेली आहे, त्याने डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय एकदम बंद करू नये. असे लिहिताना आपल्या मासिकाच्या काही वाचकांना धक्का बसेल. पण शरीर दारूला सरावले की ती अचानक काढून घेतल्यावर मज्जासंस्था उसळते. साधारण क्रम असा :

• ६ ते २४ तास : हाताला कंप, घाम, मळमळ, बेचैनी, झोप नाही.
• ६ ते ४८ तास : आकडी येऊ शकते.
• २ ते ४ दिवस : भ्रम, भास, ताप, नाडी जोरात, माणूस कुठे आहे हे कळत नाही. यात जीव जाऊ शकतो.

उपचार कठीण नाही. रुग्णालयात काही दिवस शांत करणारी औषधे मोजून देतात व हळूहळू कमी करतात. बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शने देतात, कारण पिणाऱ्याच्या शरीरात ते उरलेले नसते. "अशक्तपणा आहे" म्हणून गल्लीतल्या दवाखान्यात नुसते ग्लुकोजचे सलाईन लावून घेऊ नका. बी-१ न देता ग्लुकोज दिले तर मेंदूला इजा होऊ शकते. डॉक्टरांना रुग्ण किती पितो ते खरे सांगा. लाजेने लपवू नका.

बरेच महिने घेतलेल्या झोपेच्या गोळ्याही अशाच. त्या एकदम थांबवल्या तर आकडी येते. डॉक्टर त्या काही आठवड्यांत उतरवत नेतात.

गर्दची गोष्ट वेगळी. त्याच्या त्रासाला 'टर्की' म्हणतात. शेवटच्या झुरक्यानंतर ८-१२ तासांत नाक-डोळे वाहणे, जांभया, अंगावर काटा, पोटात मुरडा, जुलाब, हाडे मोडल्यासारखे दुखणे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हे टोकाला जाते, आठवड्यात उतरते. धडधाकट माणूस सहसा त्याने मरत नाही, पण सहन न होऊन पुन्हा माल घेतो. औषधांनी हा त्रास पुष्कळ कमी करता येतो.

घरगुती उपाय जे करू नयेत

चहात-भाजीत गुपचूप औषध : "रुग्णाच्या नकळत दारू सोडवा" अशा जाहिराती तुम्ही पाहिल्या असतील. डायसल्फिरम नावाची गोळी घेतलेल्या माणसाने वर दारू प्यायली तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. हृदयविकार असलेल्याचा जीव जाऊ शकतो. ही गोळी रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने, तपासण्या करूनच द्यायची असते. पुड्यांच्या औषधात तर काय आहे हेच कळत नाही.

कोंडणे, साखळीने बांधणे, मारणे : २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक विकारही येतात, आणि रुग्णाला साखळदंड घालण्यास बंदी आहे. खासगी केंद्रात दाखल करण्याआधी विचारा : नोंदणी आहे का? डॉक्टर रोज येतात का? रात्री परिचारिका असते का? घरच्यांना भेटू देतात का? "तीन महिने भेटायचे नाही" म्हणणाऱ्या केंद्रात पाठवू नका.

लग्न लावून देणे : "बायको आली की सुधारेल." सुधारत नाही. आजार एका मुलीच्या गळ्यात पडतो. मुलीकडच्यांपासून हे लपवणे हा अन्यायच आहे.

उपचार कसा चालतो?

पहिला टप्पा विषबाधा उतरवण्याचा, साधारण एक-दोन आठवड्यांचा. लोक इथेच थांबतात आणि "सोडली" म्हणतात. खरे काम त्यानंतर आहे. ओढ कमी करणारी औषधे, समुपदेशन, सोबत असलेला नैराश्यासारखा आजार तपासणे, रिकाम्या वेळेचे आणि रोजगाराचे नियोजन. अफूच्या जातीच्या व्यसनात ब्युप्रेनॉर्फिनची गोळी जिभेखाली देतात. सुई टोचून घेणाऱ्यांसाठी सरकारची अशी केंद्रे आहेत. "एक नशा सोडवून दुसरी लावली" असे त्याबद्दल म्हणतात. तसे नाही. मधुमेहाच्या रुग्णाला जसे रोजचे औषध, तसे हे. त्यावर माणूस कामावर जातो, चोरी थांबते, सुई सुटते.

बरे झालेल्यांच्या गटाला जाणे फार उपयोगी पडते. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभा महाराष्ट्रात मराठीतून होतात, फी नसते. घरच्यांसाठी अल-अनॉन आहे. बायकोने तिथे जरूर जावे. नवऱ्याने सोडली नाही तरी तिला बळ मिळते. मारहाण होत असेल तर "आजारी आहे" म्हणून सोसू नये. आजार हे हात उगारायचे कारण होऊ शकत नाही.

पुन्हा सुरू झाली तर? व्यसन हा पुन्हा उलटणारा आजार आहे. साखर वाढली म्हणून आपण मधुमेही माणसाला वाळीत टाकत नाही. इथेही परत डॉक्टरांकडे न्यावे. मात्र गर्द किंवा त्या जातीच्या औषधांत एक धोका मोठा आहे. केंद्रातून किंवा तुरुंगातून बाहेर आलेल्या माणसाची सहनशक्ती उतरलेली असते. त्याने जुन्या मापाने माल घेतला तर श्वास थांबतो. ओठ निळे, बाहुल्या टाचणीएवढ्या, श्वास अगदी मंद, हाक मारली तरी उठत नाही असे दिसले तर १०८ ला फोन करा. कुशीवर वळवा, तोंडातली उलटी काढा, एकटे सोडू नका. काय घेतले ते डॉक्टरांना सांगा. नॅलोक्सोन नावाचे उताऱ्याचे इंजेक्शन असते.

"पोलीस पकडतील" या भीतीने घरचे थांबतात. एनडीपीएस कायद्याच्या कलम ६४-अ नुसार सेवनाचा किंवा अल्प मात्रेचा गुन्हा असलेला व्यसनी माणूस आपणहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. आणि मुलाला नशेचा पदार्थ देणाऱ्याला, विकायला लावणाऱ्याला बाल न्याय कायदा २०१५ नुसार ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. तक्रार मुलाविरुद्ध नव्हे, त्याला माल देणाऱ्याविरुद्ध करायची.

विहार काय करू शकतो?

सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी नशेचे तोटे सांगितले ते पैसा, भांडण, रोग, बदनामी, निर्लज्जपणा आणि बुद्धीचा ऱ्हास असे व्यवहारातले आहेत. आपले कामही व्यवहारातलेच असावे :

• शपथ देण्याआधी विचारा, "रोज पितोस का? सकाळी लागते का?" हो म्हणाला तर आधी रुग्णालय, मग शपथ.
• शपथ घेणाऱ्याचे नाव मंचावरून पुकारू नका. चुकला तर तो पुन्हा विहारात पाऊल ठेवणार नाही.
• आठवड्यातून एक तास विहाराची खोली बरे होऊ पाहणाऱ्यांच्या सभेला द्या.
• रुग्णासोबत जाणारी दोन माणसे आणि गाडीभाड्यापुरते धम्मदान ठेवा. अनेकांचा उपचार तेवढ्यासाठी अडतो.
• जयंतीच्या मिरवणुकीत पिऊन येणाऱ्याला बाजूला घ्या, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी जा. हे दुसऱ्या दिवशी जाणे आपण विसरतो.

फलकावर लिहून लावा

१४४४६ : व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय मदतवाहिनी, मोफत
१४४१६ : टेलिमानस, मानसिक आरोग्याचा सल्ला, मोफत
१०८ : रुग्णवाहिका
१०९८ : अडचणीतल्या मुलांसाठी
जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभाग : बाह्यरुग्ण विभागाचे दिवस व वेळ विचारून इथे लिहा.